अस्सलबरहुकूम कूपन

माझ्या यजमानांचे चुलते हे अख्ख्या भूम गावातले सर्वांत प्रामाणिक गृहस्थ आहेत, आणि त्यांच्याबरोबर वाणसामान आणायला जाण्यापेक्षा एखाद्या खिसेकापूबरोबर गेलेलं परवडलं, असं माझं ठाम मत आहे. खिसेकापू निदान गुपचूप काम करतो. आमचे चुलतसासरे कुठलीही वस्तू पिशवीत टाकण्याआधी तिच्यावरचं सगळं छापील मोठ्यानं वाचतात, मध्येच थांबून चष्मा पुसतात आणि चष्मा घातला की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतात. तोवर मागं रांग लागलेली असते. त्या रांगेतल्या निम्म्या बायका माझ्या गिऱ्हाईक असतात, कारण मी घरी ब्लाउज शिवते. ज्या बाईचं माप आपण घेतलंय तिच्यासमोर लाज जाणं म्हणजे काय, हे दुसऱ्या शिवणाऱ्या बाईलाच कळेल. आजवर आपण तिचं माप घेतलेलं असतं, त्या दिवशी ती आपलं घेते. माझे यजमान अशा वेळी नेमके शेताकडं निघून जातात. चुलत्यांचा हा स्वभाव त्यांनी लहानपणापासून पाहिलेला आहे.

आमची दोन घरं एका भिंतीची. सासऱ्यांच्या जागी म्हणून मी त्यांना मामंजी म्हणते आणि चुलतसासूबाईंना आत्याबाई. गाव मात्र त्यांना अण्णा म्हणतं. मामंजी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण ते फक्त कचेरीला ठाऊक आहे, त्यांना स्वतःला ते कुणी नीट कळवलेलं नसावं. घरात आलेल्या प्रत्येक कागदावर ते 'पाहिले' लिहून सही करतात. लग्नपत्रिकेतल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून ती पत्रिका आहेराबरोबर परत नेऊन देतात. सबंध नोकरीत त्यांनी कुणाचा कपभर चहा घेतला नाही, हे अजूनही गावात सांगतात. एकदा कोणी शेतकरी त्यांच्या माघारी घरी सीताफळांची पिशवी ठेवून गेला होता. मामंजींनी संध्याकाळी ती पाहिली, तशीच उचलली आणि एसटीनं त्याच्या गावाला निघाले. सीताफळं वाटेतच पिकली, पिशवी गळायला लागली, धोतर भिजलं, कंडक्टर ओरडला. पण त्यांनी पिशवी पोचती केली आणि तिची रीतसर पोच घेऊनच परत फिरले. तो शेतकरी बिचारा शेवटपर्यंत विचारत होता, "साहेब, सीताफळं खराब निघाली व्हय?"

अशा माणसानं आयुष्यात कधी किराणा आणला नव्हता. ते खातं आत्याबाईंचं. पण दोन वर्षांमागं आत्याबाई अंगणात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, सोलापूरला ऑपरेशन झालं आणि त्यांचं चालणं वॉकरच्या आधारानं ओसरीपुरतं उरलं. तेव्हा सामानाची पिशवी मामंजींच्या हातात आली. पहिल्या दिवशी त्यांनी यादीतले आकडे खालीवर वाचले आणि दोन किलो हळद व पावशेर तूरडाळ घेऊन आले. आत्याबाईंनी पुड्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आता वरीसभर गावातली लग्नंच लावत बसा. हळद संपंपर्यंत."

त्याच सुमाराला बाजार समितीच्या रस्त्यावर नवं सुपर मार्केट उघडलं. गावात त्याला सगळे 'मॉल' म्हणतात, कारण त्याला काचेचा दरवाजा आहे. त्यांनी वर्तमानपत्रातून कुपनांची पत्रकं वाटली, आणि मामंजींच्या डोळ्यांत मी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तेज पाहिलं. कूपन म्हणजे काय हे त्यांना नव्यानं शिकायची गरज नव्हती, अशी त्यांची समजूत होती. रॉकेलची कुपनं, रेशनची कुपनं त्यांच्या हाताखालून गेलेली. "कूपन ह्यो हक्क हाय, सूनबाई. खैरात न्हाय," ते म्हणाले, आणि मला साक्षीला घेऊन मॉलमध्ये गेले. कूपन होतं दोन साबणांवर एक साबण मोफत, असं. काउंटरवर एक मुलगी होती, तेरखेड्याहून रोज एसटीनं येणारी. फटाक्यांच्या गावची असून आवाज इतका हळू की दोनदा विचारावं लागे.

मामंजींनी कूपन पुढं केलं. "मोफतचा तेवढा द्या."

"काका, आधी दोन घ्यावे लागतात."

"दोन हायत की आमच्याकडं. घरी हायत. पायजे तर आणून दाखवतो."

"तसं नाही काका. आज इथनं घेतलेले पाहिजेत."

"असं कुठं लिहिलंय?"

ते लिहिलेलं होतं, पण मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. मामंजींनी कूपन दिव्याखाली धरलं आणि 'अटी लागू' पासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत सगळं खणखणीत आवाजात वाचून काढलं. मागच्या बाईच्या हातातलं आईस्क्रीम वितळत होतं. मी उदबत्त्यांचे पुडे निरखण्यात गुंग झाल्यासारखं दाखवत होते. वाचून झाल्यावर ते त्या मुलीला म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. लिहिलंय. माझं वाचायचं राहिलं, माफी असावी." मग मुकाट्यानं दोन साबण विकत घेतले. त्यांचं हे असं आहे. भांडतील जगाशी, पण कागदावर दुसऱ्याची बाजू दिसली की तिथल्या तिथं मान तुकवतील.

त्या दिवसापासून त्यांनी कुपनांचा अभ्यास आरंभला. शिकाऊ माणसाचा उत्साह वाईट असतो आणि निवृत्त माणसाला वेळही असतो. कुपनं कापायला त्यांनी माझी कापडाची कात्री नेली. कापडाच्या कात्रीनं कागद कापणं म्हणजे आमच्या धंद्यात गोहत्याच. तिची धार गेली ती गेलीच. पण चुलतसासऱ्यांना कात्री नाही कसं म्हणायचं? मी दुसरी आणली आणि पिठाच्या डब्यात लपवून ठेवायला लागले. न्हाव्याच्या दुकानात दाढीला नंबर लागेपर्यंत ते वर्तमानपत्र चाळत आणि दिसलं कूपन की न्हाव्याच्याच कात्रीनं कापून घेत. एकदा चहापत्तीच्या कुपनामागं नेमका गावातल्या एका वयस्क बाईंच्या दहाव्याच्या जाहिरातीतला फोटो होता. त्यांचा मुलगा दाढीला आला आणि पेपरात आईच्या जागी कापलेली खिडकी बघून चक्रावला. मामंजी स्वतः ते कूपन घेऊन त्यांच्या घरी गेले, दोन्ही बाजूंनी नमस्कार करून परत दिलं आणि वर म्हणाले, "मागच्या बाजूची मुदत मात्र येत्या शनवारपतूर हाय."

कूपन आहे म्हणून वस्तू घ्यायची, की वस्तू हवी म्हणून कूपन वापरायचं, हा घोटाळा शिकाऊ माणसाचा होतोच. त्यांनी ओटचं पीठ आणलं, आत्याबाईंनी त्याची खळ करून माझ्या सुती साड्यांना लावली. त्यांनी तान्ह्या मुलांच्या डायपरचं भलंमोठं पाकीट आणलं. दोन्ही घरांत मिळून सर्वांत लहान माणूस बारावीत होता. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला, पण मामंजींना त्याची वाट सापडली. त्यांचा पाण्याचा माठ पाझरायचा, त्याला त्यांनी डायपर बांधला. उत्तम काम करतो, थेंब गळत नाही. पण माठ ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर. माझ्याकडं ब्लाउज टाकायला आलेली प्रत्येक बाई त्याच्याकडं पाही, मग माझ्याकडं पाही, आणि मी खाली मान घालून तिच्या बाहीची लांबी पुन्हा एकदा मोजी.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण दिवाळीच्या तोंडावर मॉलनं तेलाच्या डब्याचं कूपन काढलं. सूट मोठी होती. आमच्या गल्लीत वर्तमानपत्र घेणारं घर एकच, मामंजींचं. त्यामुळं कूपनही एकच. ही गोष्ट त्यांच्या जिवाला लागली. "पेपर वाचणाऱ्याच्याच घरी दिवाळी, आणि बाकीच्यांनी काय तेलाबिगर करंज्या तळायच्या?" ते म्हणाले आणि कचेरीसमोरच्या ओळखीच्या दुकानातून त्या कुपनाच्या गल्लीपुरत्या झेरॉक्स काढून आणल्या. एवढ्यावर थांबले असते तर ते आमचे चुलतसासरे कसले? खाटेवर बसून त्यांनी प्रत्येक झेरॉक्सवर आपल्या वळणदार अक्षरात 'अस्सलबरहुकूम नक्कल' असं लिहिलं, म्हणजे ही मूळ कागदाशी ताडून पाहिलेली खरी प्रत आहे, आणि खाली झोकदार सही केली.

मी भीतभीत विचारलं, "मामंजी, झेरॉक्स चालंल का?"

"सूनबाई, सातबाऱ्याची चालते. जातीच्या दाखल्याची चालते. माणूस मेल्याच्या दाखल्याची चालते. तेलाच्या डब्याला काय सोनं लागलंय?"

कुपनावर 'एका कुटुंबास एकच' अशी अट होती, आणि ती मोडू द्यायला ते तयार नव्हते. पलीकडच्या घरात दोन जावा राहतात. त्यांच्या दारात उभं राहून मामंजींनी विचारलं, "चूल एक का येगळी?" थोरली म्हणाली एक, धाकटी त्याच क्षणी म्हणाली वेगळी. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि तिथं जे भांडण पेटलं ते दिवाळीपर्यंत विझलं नाही. मामंजींनी धाकटीचा अर्ज प्रलंबित ठेवला. मलाही त्यांनी एक नक्कल दिली. आमची चूल वेगळी आहे हे त्यांना माहीत होतं, तरी विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली मॉलमध्ये. मामंजी काउंटरजवळ बाजूला उभे, हात पाठीमागं, कचेरीत तपासणीला साहेब उभा राहतो तसे. तेरखेड्याच्या मुलीनं पहिली नक्कल हातात घेतली, उलटसुलट पाहिली, मामंजींकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिनं सूट देऊन बिल केलं. मग दुसरं, मग तिसरं. माझा नंबर यायला थोडाच अवकाश होता, तेवढ्यात आतून मॅनेजर आला. तरुण होता, बाहेरगावचा. त्यानं गल्ल्यातले कागद उचलले आणि विचारलं, "हे काय आहे?" मग अजून मोठ्यानं म्हणाला, "अहो, ही सगळी बोगस कुपनं आहेत!"

मामंजी पुढं झाले. "बोगस शब्द मागं घ्या."

"काका, झेरॉक्स मारून आणलीत तुम्ही."

"नक्कल हाय. ताडून बघितलेली. खाली सही हाय. अस्सलच पायजे, नक्कल चालणार न्हाय, असं कुठं लिहिलंय ते दाखवा." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. एक एक अट वाचत, प्रत्येकीनंतर थांबून मॅनेजरकडं बघत. खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं. रांगेतल्या बायकांना जोर चढला. "बरोबर हाय अण्णांचं!" "दाखवा की लिहिलेलं!" कोणीतरी मोबाईल वर धरून चित्रण सुरू केलं. मला मात्र वाटत होतं, आता बास करावं यांनी, खाली फरशीत कुठं भेग आहे का ते मी पाहत होते. माझ्या हातातली नक्कल घामानं भिजून चुरगाळली होती. उत्तर सुचलं नाही की वरचा माणूस करतो तेच मॅनेजरनं केलं. तो त्या मुलीकडं वळला.

"तुला डोळे दिलेत का नाहीत? ही असली कुपनं घेतलीस तू? सगळं तुझ्या पगारातून जाणार. आणि उद्यापासून येऊ नको."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मात्र काउंटरवरच्या पिशव्या सारख्या करत होते, जसं काही त्या नीट लागल्या तर सगळं नीट होणार होतं. मामंजींनी ते पाहिलं. त्यांचं बोट अजून कुपनावरच्या ओळीवर होतं. ते त्यांनी काढलं, चष्मा उतरवला आणि इतक्या हळू आवाजात बोलले की मी तो आवाज त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकलाच नव्हता.

"साहेब, नियम माझ्या बाजूनं हाय. पण चूक माझी हाय."

"म्हणजे?"

"ह्या लेकीनं माझ्या सहीवर इस्वास ठेवला. दुसरं काय बी केलं न्हाय. तिला काय बोलू नका. डबे परत घ्या, न्हायतर फरक माझ्याकडनं घ्या, काय म्हणाल ते. पण तिला उद्या येऊ द्या." आणि त्यांनी हात जोडले. उभ्या नोकरीत ज्यांनी कलेक्टरपुढंही नमस्काराच्या पलीकडं हात जोडले नाहीत, त्यांनी त्या पोरगेल्या मॅनेजरपुढं, सगळ्या गल्लीदेखत, जोडलेले हात तसेच ठेवले. मोबाईल चालूच होता. मॅनेजरनं सगळीकडं एकदा पाहिलं, आणि आता जिंकलो म्हटल्यावर त्याला थोडं हसूही आलं. "जाऊ द्या काका. या वयात असले धंदे करू नयेत. देवाचं नाव घ्यावं." मुलीला म्हणाला, "पूस डोळे. कर काम." मामंजी 'बरं' म्हणाले. असले धंदे, हे शब्द त्यांनी ऐकून घेतले आणि बरं म्हणाले.

बायकांनी डबे परत ठेवले. मामंजी प्रत्येकीसमोर गेले आणि आपली नक्कल परत मागून घेतली. दाराजवळच्या स्टुलावर बसून त्यांनी एकेकीवर आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं. माझी चुरगाळलेली होती. ती त्यांनी गुडघ्यावर ठेवून तळहातानं सरळ केली, आणि मगच रेघ मारली. घरी येताना ते माझ्या पुढं चालत होते. चौकात कोणी तरी "रामराम" म्हटलं, ते त्यांना ऐकू आलं नाही.

ते चित्रण आम्ही घरी पोचायच्या आत गावभर पोचलं होतं. 'झेरॉक्सवाले अण्णा' हे नाव मला दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाकडून कळलं. ती बाई माप देता देता हसत होती, टेप हलत होता, आणि मी तोंडात टाचण्या धरून गप्प होते. त्याच वेळी दारात खाकरण्याचा आवाज आला. बायका असताना मामंजी कधी माझ्या खोलीशी येत नाहीत. त्या दिवशी आले, उंबऱ्याबाहेरच थांबले, नजर खाली.

"सूनबाई, माझ्यामुळं तुमच्या धंद्याला बट्टा लागला. माफ करा."

मी घाईघाईनं टाचण्या काढल्या. पदर सावरावा तर हात मोकळा नव्हता. "मामंजी, असं काय बोलता? तुम्ही मोठे."

"मोठ्यांनी तर बोलावंच लागतं," ते म्हणाले आणि परत गेले. ती बाई त्यानंतर हसली नाही. मी माप पुन्हा पहिल्यापासून घेतलं. आधीचं काहीच डोक्यात राहिलं नव्हतं. माझ्या आजवरच्या सगळ्या लाजा एकीकडं आणि त्या उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला पाहून वाटलेली लाज एकीकडं.

पाडव्याच्या दिवशी ती तेरखेड्याची मुलगी आत्याबाईंकडं आली. सुट्टी होती तिला. स्टीलच्या डब्यात घरच्या शेवया घेऊन आली होती. नोकरी टिकल्याचं सांगायला आले, म्हणाली, काकांच्या पाया पडायचंय. मामंजी आतल्या खोलीत होते. आत्याबाईंनी दोनदा हाक मारली. आतून उत्तर आलं, "झोपलोय म्हणून सांग." झोपलेल्या माणसाचं ते उत्तर आम्ही तिघींनीही ऐकलं आणि तिघींनीही ऐकलं नाही असं दाखवलं. मुलगी बंद दाराकडं तोंड करून वाकली, उंबऱ्याला हात लावला आणि एसटीची वेळ झाली म्हणून गेली.

आता मामंजी मॉलमध्ये जात नाहीत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जातात. यादी दुकानदाराच्या हातात देतात, तो जे देईल ते पिशवीत घेतात, सांगेल तो भाव देतात आणि कोणाशी न बोलता परत येतात. वर्तमानपत्रातली पत्रकं न उघडताच रद्दीत जातात. त्यांच्याबरोबर बाजारातून जाताना आता कुणी वळून बघत नाही. कुठल्याही घरचा कुठलाही वयस्क माणूस चालावा तसे ते रस्त्याच्या कडेनं चालतात. मी देवाजवळ नेमकं हेच मागितलं होतं, आणि देवानं ते इतक्या तंतोतंत द्यायला नको होतं.

परवा मी आत्याबाईंच्या पायाला तेल चोळत होते. मामंजी ओसरीवर नुसते बसले होते, रस्त्याकडं पाहत. आत्याबाईंनी बराच वेळ तिकडं पाहिलं आणि मला जवळ ओढून हळूच म्हणाल्या, "ए पोरी, ह्यांचं कुणाशी तरी भांडण लावून दे बाई. घर लई गप झालंय."

मी हो म्हटलं. कुणाशी लावून द्यावं, ते मला अजून सुचलेलं नाही.